प्रागच्या चौकात जरा थांबा!

मैत्रिणींनो, युरोपची सहल ही काही आता फक्त बड्या घरची गोष्ट राहिलेली नाही. कुणाची लेक जर्मनीत, कुणाचा मुलगा व्हिएन्नात. निवृत्तीचे पैसे हाती आले की जोडपी निघतात, आणि त्यांच्या यादीत प्राग असतंच. प्रागमध्ये जुन्या शहरातला तो मोठा चौक, चौकात टाऊन हॉलचा मनोरा आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी माना वर करून उभी असलेली ही गर्दी! तास पडतो, घड्याळाच्या वरच्या दोन खिडक्या उघडतात, बारा प्रेषित एकामागून एक डोकावून जातात, सोनेरी कोंबडा आरवतो आणि खेळ खलास. जेमतेम मिनिटभराचा. "एवढ्यासाठी इतकं चालवलंत होय?" म्हणत मंडळी बसकडे वळतात.

तुम्ही वळू नका. गर्दी पांगली की खरं बघायला सुरुवात करा.

हे नुसतं घड्याळ नाही, चक्क पंचांग आहे. चेक लोक त्याला 'ओर्लोय' म्हणतात. मधोमध पृथ्वी, तिच्याभोवती बारा राशींचं कडं, आणि त्यावरून फिरणारे सूर्य नि चंद्र. सूर्य निळ्या भागात असला की दिवस, काळ्या भागात गेला की रात्र, मधल्या पट्ट्यात पहाट नि संध्याकाळ. चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी, अर्धा काळा. तो फिरत राहतो आणि आज चंद्र किती कलांचा ते दाखवतो. बाहेरच्या कड्यावर एक ते चोवीस असे सोनेरी आकडे आहेत. ते तास मोजायचे सूर्यास्तापासून! सूर्यास्ताची वेळ जशी पुढेमागे होते तसं ते कडंही सरकतं. शिवाय सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा सारखे भाग पाडलेल्या रेषा आहेत. म्हणजे उन्हाळ्यातला तास लांब, थंडीतला आखूड. फक्त एक लक्षात असू द्या. तिथल्या राशी सायन पद्धतीच्या. आपली मकरसंक्रांत जानेवारीत, तिथला सूर्य मात्र डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच मकरेत शिरतो. नाहीतर सासूबाई म्हणायच्या, घड्याळ बिघडलंय!

दोन्ही बाजूंना बाहुल्या आहेत. थैली हलवणारा कंजूष, एक तुर्क, एक हाडांचा सापळा आणि आरशात स्वतःला न्याहाळणारा गर्व. हा गर्व पुरुष आहे बरं का, बाई नव्हे! तास भरला की सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो, आणि बाकीचे माना हलवून "नको, इतक्यात नको" म्हणतात. मला विचाराल तर त्या बारा प्रेषितांपेक्षा हीच गंमत अधिक बघण्यासारखी आहे.

हे घड्याळ १४१० साली कादानच्या मिकुलाश नावाच्या कारागिराने केलं. गणिताची बाजू विद्यापीठातल्या यान शिंदेल या ज्योतिर्विदाची. पण गाईड तुम्हाला वेगळंच सांगेल. हानुश नावाच्या कारागिराने घड्याळ बनवलं, तसं दुसरं कुठे होऊ नये म्हणून नगराच्या कारभाऱ्यांनी त्याचे डोळे काढले, आणि त्यानेही चाचपडत येऊन घड्याळ बंद पाडलं. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची आपल्याकडे सांगतात ना, त्याच जातीची ही दंतकथा. खोटीच, पण भीष्म साहनींना ती अशी भिडली की त्यांनी तीवर 'हानूश' हे हिंदी नाटक लिहिलं. ते १९७७ साली आलं. त्यात हानूश कुलपं करणारा आहे, आणि त्याची बायको कात्या. तो वर्षानुवर्षं घड्याळाच्या मागे, आणि चूल पेटती ठेवायची जबाबदारी कात्याची! जाण्यापूर्वी नाटक मिळवून जरूर वाचा. मग घड्याळासमोर उभ्या राहाल तेव्हा हानुशपेक्षा त्याच्या बायकोचीच आठवण येईल.

आता मनोऱ्यावर चढण्याचं. मनोरा १३६४ सालचा, सुमारे ७० मीटर उंच. आपल्या बायकांचं काय होतं, "तुम्ही जाऊन या, मी आईंजवळ बसते, पिशव्याही सांभाळते" म्हणून आपण खालीच राहतो. असं करू नका. आत लिफ्ट आहे! गुडघेदुखीच्या आईंनाही घेऊन जा. वरचा सज्जा अरुंद आहे, तेव्हा रेटारेटी होण्याआधी सकाळी लवकर गाठा. समोर तीन चर्चचे दोन कळस दिसतील. नीट पाहा, एक अंमळ जाड आहे, एक सडपातळ. लोक त्यांना आदम आणि इव्ह म्हणतात.

खाली उतरलात की मनोऱ्याच्या पायथ्याशी फरसबंदीत पांढरे क्रूस शोधा. २७ आहेत. हॅप्सबर्ग सम्राटाविरुद्धचा उठाव १६२० साली मोडला, आणि २१ जून १६२१ रोजी याच जागी २७ सरदार आणि नगरवासी मारले गेले. बारा जणांची मुंडकी पुलाच्या मनोऱ्यावर दहा वर्षं टांगलेली होती. लोक या क्रूसांवर उभे राहून आइस्क्रीम खातात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मुलांना तुम्ही सांगा.

टाऊन हॉलच्या एका बाजूला अचानक मोकळी हिरवळ लागते. तिथे इमारत होती. मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, जर्मनांच्या माऱ्यात ती जळाली. घड्याळही जळालं, जुने लाकडी प्रेषित त्यातच गेले. आज दिसतात ते नंतर कोरलेले. घड्याळ १९४८ साली पुन्हा चालू झालं. इमारत मात्र परत उभी राहिली नाही.

जाताना सपाट तळाचे बूट घाला, तिथल्या गोट्यांच्या रस्त्यावर उंच टाचा म्हणजे पाय मुरगळलाच समजा. साडी नेसायची तर थोडी वर नेसा. आणि तास पडताना सगळ्यांचे डोळे वर असतात तेव्हा खिसेकापूंचे खाली असतात, म्हणून पर्स पोटाशी धरा. शाकाहारी असाल तर तिथलं तळलेलं चीज मागा. ब्रेडचा चुरा लावून तळतात, बटाट्यांबरोबर देतात. पोटभर होतं, पण तिखटाच्या नावाने शून्य, तेव्हा लसणीच्या चटणीची पुडी बरोबर असू द्या.