सातपुड्यातली लांब धाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून भाविकांच्या रांगा अस्तंब्याच्या वाटेला लागतात. कोठार, देवनदी, असली, नकट्या देव, जुना अस्तंभा असे टप्पे घेत, बरीचशी वाट रात्रीच तुडवत, ते १३२५ मीटर उंचीच्या शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला पोहोचतात. त्यांच्यापैकी कुणी स्वतःला धावपटू म्हणवत नाही. पण डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींबद्दल जे गैरसमज पसरले आहेत, त्यातला पहिला खोडून काढायला ही यात्राच पुरेशी आहे.

तो गैरसमज असा, की अल्ट्रामॅरेथॉन म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटर न थांबता पळणं. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर, त्याहून लांब ती अल्ट्रा. पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणाऱ्या एसआरटी अल्ट्रामध्ये शंभर किलोमीटरचा गट आहे, तसे पंचवीस आणि अकरा किलोमीटरचे छोटे गटही आहेत. आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी यूटीएमबी ही या खेळातली सर्वांत गाजलेली शर्यत. अंतर १७० किलोमीटरहून अधिक, एकूण चढ सुमारे १०,००० मीटर आणि मुदत साडेसेहेचाळीस तास. भागाकार करून पाहा : शेवटचा स्पर्धक ताशी चार किलोमीटरपेक्षाही कमी सरासरीने वेळेत पोहोचतो. हा अस्तंब्याच्या भाविकांसारखा चालण्याचाच वेग आहे. खड्या चढावर जिंकणारेसुद्धा गुडघ्यांवर हात रेटत नाहीतर काठ्या टेकत चालतात, कारण तिथे पळण्यात दम जास्त खर्च होतो आणि वेळ फारसा वाचत नाही.

"सातपुडा काही हिमालय नाही, इथे काय कठीण?" असंही ऐकू येतं. तोरणमाळ ११४३ मीटरवर आहे, हे खरं. पण धावणाऱ्याच्या पायांना शिखराची उंची कळत नाही, त्यांना एकूण चढ-उतार कळतो. तापीकाठची सपाटी दोनशे मीटरच्या आसपास. तिथून तोरणमाळपर्यंत एकदाच चढलात तरी नऊशे मीटरहून जास्त चढ झाला. मध्ये दऱ्या-नाले ओलांडायचे असतील तर तो आणखी वाढतो. त्यातही खरं नुकसान उतारावर होतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन अडवून धरतात, त्यात त्यांचे तंतू फाटतात. म्हणून चढाच्या सरावाइतकाच उताराचाही सराव लागतो. अति श्रमानंतर लघवी चहासारखी गडद झाली, तर स्नायूंतले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते. तेव्हा थेट दवाखाना गाठावा. आणि पाय दुखतात म्हणून वाटेत आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन पुढे पळू नये. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला आणखी घातक ठरते.

सर्वांत धोकादायक समजूत पाण्याची आहे. "जितकं जास्त पाणी, तितकं चांगलं" हा सल्ला आपुलकीने दिला जातो, म्हणून तो सहसा कुणी तपासत नाही. तासन्‌तास गरजेपेक्षा जास्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम विरळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम सामान्यपेक्षा कमी सापडलं. ज्यांचं वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं. अडचण अशी, की मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, आणि भोवतालची माणसं त्या धावपटूला आणखी पाणी पाजतात. पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं म्हणजे हा धोका टळतो असंही नाही. तहानेप्रमाणे प्या, असा सल्ला आज अनेक तज्ज्ञ देतात. याचा अर्थ पाण्यावाचून पळावं असा नाही : तापीखोऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि तेव्हा उष्माघाताचा धोका वेगळा उभा असतो. त्या दिवसांत दुपारी लांब पळूच नये.

खाण्याचं सोपं आहे. लांब धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. त्यासाठी महागडी जेलची पाकिटं असलीच पाहिजेत असं नाही. केळी, गूळ, चिक्की, खजूर यांवरही भागतं. मात्र शर्यतीच्या दिवशी नवं काही पोटात घालू नये.

आता एक गैरसमज जो कौतुकाच्या सुरात बोलला जातो : "आदिवासी पोरं काय, जन्मतःच पळतात." सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. डोंगरातलं बालपण तिला उपयोगी पडलं असेल, पण पदकामागे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे केलेला अनेक वर्षांचा सराव आहे. मेक्सिकोतल्या रारामुरी समाजाबद्दलही जग असंच बोलतं. त्या समाजातली मारिया लोरेना रामिरेझ २०१७ साली साध्या चपला घालून ५० किलोमीटरची शर्यत जिंकली, आणि सगळी चर्चा त्या चपलांची झाली. "रक्तातच आहे" म्हटलं की मैदान, प्रशिक्षक, पोषण आणि शिष्यवृत्ती यांची जबाबदारी कुणावरच उरत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलामुलींना या कौतुकापेक्षा त्या चार गोष्टी हव्या आहेत.

धावण्याने गुडघे झिजतात का? २०१७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांधेझिजेचं प्रमाण ३.५ टक्के, बैठं आयुष्य असणाऱ्यांत १०.२ टक्के आणि अव्वल स्पर्धकांत १३.३ टक्के आढळलं. बेताने धावणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. आणि बायकांना हे झेपत नाही म्हणणाऱ्यांसाठी : कोर्टनी डॉवाल्टर हिने २०१७ साली अमेरिकेतली ३८० किलोमीटरहून लांब मोआब शर्यत जिंकली, सर्व पुरुषांच्या दहा तास आधी पोहोचून.

शेवटचा गैरसमज थंडीचा. आपला मुलूख उष्ण, मग जाकीट कशाला? अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत दव गोठतं. घामाने किंवा पावसाने भिजलेलं अंग वारा लागताच झपाट्याने गार पडतं, त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि वारा सुटला आणि २१ धावपटू दगावले. त्यातले पुष्कळ अर्ध्या चड्डीत आणि पातळ बनियनवर होते.

सातपुड्यात मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी मिळत नाही आणि वाटा राखीव वनातून व लोकांच्या शेतांतून जातात. म्हणून जायच्या आधी वनविभागाला आणि वाटेवरच्या गावात कळवा, एकटे जाऊ नका, आणि पाठीवरच्या पिशवीत पाणी, डोक्याला बांधायची बॅटरी, शिट्टी आणि पावसाचं जाकीट ठेवा.