खटल्याबाहेरचं शरीर

मराठी कथेतल्या शरीराविषयी बोलणं निघालं की चर्चा हमखास कोर्टाच्या पायरीवर जाऊन बसते. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ खटल्यात सापडली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. ‘वासूनाका’ या पुस्तकावर आचार्य अत्रे तुटून पडले. दोन्हीकडे मोजमाप एकच होतं, लेखकाने किती उघडं लिहिलं. पण ‘श्यामा’ एका पुरुषाच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची गोष्ट आहे आणि ‘वासूनाका’ नाक्यावरच्या पोरांची. बाईचं शरीर दोन्हीकडे दिसतं ते बघणाऱ्याच्या डोळ्यांतून. माझ्या मते शहरी कथेतला खरा बदल धिटाईमुळे झाला नाही. बाईच्या हातात पगार आणि राहायला स्वतंत्र खोली आली, तेव्हा तो झाला.

याचा पुरावा बराच जुना आहे. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३ मध्ये खळबळ उडवली, तेव्हा त्यात उत्तान असं फारसं काही नव्हतं. शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या मुलींना इच्छा असतात, एवढंच लेखिकेने सांगितलं होतं, तेही टोपणनाव घेऊन. पुढे गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’पासून (१९८०) नायिका वयाने वाढते, मुलं वाढवते, नवऱ्यावर चिडते, परपुरुषाकडे ओढली जाते, आणि या ओढीबद्दल लेखिका तिला शिक्षा करत नाही. मराठी वाचकाला ही शिक्षा न होणंच जास्त झोंबलं असावं. लैंगिक शिक्षणाचा प्रचार करणारे रा. धों. कर्वे हे गौरींचे चुलते, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (२००६) पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट येतो आणि भाऊ-बहीण दोघेही त्याच्यावर प्रेम करतात, इथेही सगळं घडवते ती भाड्याने दिलेली खोली. मराठीबाहेरही हेच दिसतं. चीनमध्ये वेई हुई यांच्या ‘शांघाय बेबी’ या कादंबरीवर २००० मध्ये बंदी आली म्हणून तिचं नाव जगभर झालं. मला मात्र चेन रान यांची बीजिंगमधल्या एकट्या बाईच्या अंतर्विश्वाची १९९६ ची कादंबरी जास्त महत्त्वाची वाटते.

यावर आक्षेप येणारच: हे शहरातल्या सुखवस्तू बायकांचे चोचले, सातारा जिल्ह्यातल्या लोणंदच्या कांदाबाजाराला त्याचं काय? याचं अर्धं उत्तर जवळच आहे. गौरी देशपांडे शेजारच्या फलटण तालुक्यात विंचुर्णीला येऊन राहिल्या आणि ‘विंचुर्णीचे धडे’ लिहिलं. शहरीपण गावाच्या वेशीवर अडत नाही. नोकरीसाठी लोणंदहून पुण्याला गेलेल्या मुलीबरोबर ते परतही येतं. दुसरा अर्धा आक्षेप मात्र खरा आहे. बाबुराव बागूलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातली ‘वाटेवरची’ ही कथा घ्या. आजारी मुलाकडे जायचं म्हणून पैशासाठी शरीर विकायला निघालेल्या बाईपुढे इच्छा, निवड, स्वातंत्र्य हे शब्द पोकळ वाटतात. तरी माझं म्हणणं यामुळे मोडत नाही, उलट कडक होतं. ज्या शरीराला खोली नाही, पगार नाही आणि जातीचं ओझं आहे, ते स्वतःचं होत नाही. आणि हे बागूलांना गौरींच्या बरंच आधी ठाऊक होतं. तेव्हा ‘एकेक पान गळावया’ वाचलं असेल, तर ‘वाटेवरची’ही मिळवून वाचा.