टर्फ कुठे टाकायचं?

मोकळ्या जागांचा हिशेब : लेखांक ८

खेळाच्या मैदानाचं आरक्षण विकास आराखड्यात पडतं कसं आणि उठतं कसं, ते गेल्या लेखांकात पाहिलं. समजा, आरक्षण टिकलं, जागा पालिकेच्या ताब्यात आली आणि निधीही मंजूर झाला. आता फुटबॉलच्या प्रशिक्षकांपासून स्थानिक नगरसेवकांपर्यंत सगळे म्हणू लागतात, इथे टर्फ टाका. टर्फ हवं की नको, यावर आपल्याकडे हिरिरीने भांडलं जातं. ते नेमकं कोणत्या जागेवर टाकायचं, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा सभागृहात चर्चेलाही येत नाही. रिकामी दिसली ती जागा धरली जाते. खरा निर्णय तिथेच होतो, म्हणून आजचा लेखांक फक्त जागेवर.

आधी एक गोष्ट मान्य करू. टर्फची मागणी हौसेपोटी होत नाही. मुंबई-कोकणात पावसाचे चार महिने मैदानाचं तळं होतं आणि उन्हाळ्यात त्याच मैदानाची धूळ शेजारच्या घरांत शिरते. शिवाजी पार्कच्या लाल मातीवरून रहिवाशांची तक्रार वर्षानुवर्षं चालू आहे. गवताला विसावा लागतो. सकाळ-संध्याकाळ सराव झाला की गोलसमोरची हिरवळ सगळ्यात आधी उडते, मग मधल्या वर्तुळाची. टर्फवर पाऊस थांबला की थोड्या वेळात खेळ सुरू होतो आणि दिवे असले तर रात्रीही चालतो. वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर टर्फ आल्याने मुंबईच्या फुटबॉलची मोठी सोय झाली. हॉकीची गोष्ट तर निराळीच. १९७६ साली मॉन्ट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. तेव्हापासून ऑलिंपिकची हॉकी मातीवर परतलेली नाही. हॉकी शिकणाऱ्या मुलीला टर्फ न देणं हा तिच्यावर सरळ अन्याय आहे.

म्हणून टर्फ नकोच, असं मी म्हणणार नाही. पण ते टाकताना जमिनीचं काय होतं, ते नीट पाहायला हवं. फुटबॉलचं पूर्ण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. त्यावरची माती खरवडून काढतात, उरलेली रोलर फिरवून दाबतात, जाड कापडाचा थर घालतात, सच्छिद्र पाइप टाकतात आणि वर खडीचे थर देतात. त्यानंतर सुमारे चार मीटर रुंदीचे गालिचे उलगडून एकमेकांना जोडतात. प्लॅस्टिकची पाती उभी राहावीत म्हणून त्यांच्यात वाळू आणि रबराचे दाणे भरतात. हे दाणे बहुतेक ठिकाणी जुन्या टायरचा चुरा असतो आणि एका पूर्ण मैदानाला तो शंभर टनांच्या आसपास लागतो. खेळून आलेल्या पोराचे बूट दारात झटकले की काळी कणी पडते, ती हीच. मैदानाच्या कडेच्या गटाराची जाळी पावसाळ्यात उचलून पाहिली तर तिच्यावरही तीच साचलेली दिसते. आठ-दहा वर्षांत गालिचा झिजतो आणि अख्खा काढून नवा टाकावा लागतो. युरोपीय संघाने २०२३ साली अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला आणि मैदानांना आठ वर्षांची मुदत दिली.

एकदा हे काम झालं की ती जमीन पुन्हा मैदान होत नाही. गालिचा उचलला तर खाली माती नसते, खडी असते. म्हणून जागा पाहताना पहिला प्रश्न विचारायचा तो असा : इथली माती जिवंत आहे, की आधीच गेलेली आहे?

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने या प्रश्नावर काही वर्षं झुंज पाहिली. तिथल्या गोल्डन गेट पार्कच्या पश्चिम टोकाला, समुद्राच्या अगदी जवळ, बीच शॅले नावाची चार मैदानं आहेत. गवताची अवस्था वाईट होती. गोफर नावाच्या बिळं करणाऱ्या प्राण्यांनी ती पोखरली होती आणि धावताना मुलांचे पाय मुरगळत होते. शहरात मैदानं कमी, खेळणारी मुलं फार. एका खासगी प्रतिष्ठानाने पैशांचा वाटा उचलायची तयारी दाखवली. पालिकेने सुमारे सात एकर गवत काढून टर्फ टाकायचं आणि साठ फूट उंचीचे दहा दिव्यांचे खांब उभारायचे ठरवलं.

विरोध झाला. १९९८ च्या आराखड्यानुसार उद्यानाचा हा भाग रानासारखा ठेवायचा होता. समुद्रकिनाऱ्यावर रात्री काळोख असतो, तो जाणार होता. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची काळजी होती. टायरच्या चुऱ्याची काळजी होती, कारण खाली भूजलाचा साठा आहे. समर्थकांचं म्हणणंही पोकळ नव्हतं. हे संपूर्ण उद्यान १८७० च्या दशकात वाळूच्या टेकड्यांवर माणसाने उभं केलेलं आहे. तिथलं गवतही माणसानेच आणलं. मग आताच निसर्गाचा आग्रह कशासाठी, असं ते विचारत.

मला या वादात सर्वांत मोलाची वाटते ती विरोधकांनी सुचवलेली दुसरी जागा. टर्फ आणि दिवे लावायचेच असतील तर ते वस्तीतल्या वेस्ट सनसेट मैदानावर लावा, तिथे रस्ते आहेत, मुलं चालत येतील. आणि इथलं गवत चांगलं करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पर्यावरण अहवालात या पर्यायाची नोंद झाली. तरीही २०१२ मध्ये पालिकेने आणि २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टी आयोगाने मूळ जागाच मंजूर केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराने मतदान केलं. तिथे गवतच ठेवा आणि रात्री दिवे लावू नका, हा प्रस्ताव पडला. पालिकेच्या बाजूचा जिंकला. मैदानं झाली आणि आज त्यांवर मुलं भरपूर खेळतात, हेही खरं. तरी दुसऱ्या जागेचा विचार आधी, पैसे देणारा दारात उभा राहण्यापूर्वी झाला असता, तर मुलांना मैदानही मिळालं असतं आणि समुद्रकाठचा काळोखही राहिला असता, असं मला ठामपणे वाटतं. जागा ठरल्यावर पर्याय मांडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. पर्याय सुचवणं आणि विरोध करणं यांत त्या वेळी कुणाला फरक दिसत नाही.

त्याच शहरातल्या मिशन भागात, दाट वस्तीत, याहून लहान मैदान आहे. मिशन प्लेग्राउंड. तिथे टर्फ टाकलं ते २०१२ मध्ये. जागा उत्तम, हरकत घेण्यासारखं फार काही नाही. पूर्वी तिथे एक साधी रीत होती : आलेल्यांनी सात-सात जणांचे संघ करायचे, जिंकेल तो मैदानात राहील, हरेल त्याने पुढच्याला जागा द्यायची. टर्फ आल्यावर पालिकेने मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे काही तास पैसे घेऊन राखून ठेवायला सुरुवात केली. तासाला २७ डॉलर. २०१४ च्या शरद ऋतूत एक चित्रफीत सगळीकडे पसरली. तंत्रज्ञान कंपन्यांतले काही तरुण परवान्याचा कागद दाखवून वस्तीतल्या मुलांना मैदान सोडायला सांगत होते आणि मुलं सांगत होती, इथे असं चालत नाही. शहर संतापलं. काही दिवसांतच पालिकेने त्या मैदानावरचं मोठ्यांचं आरक्षण बंद केलं.

हे वाचताना आपल्याकडचं काही आठवत नसेल, असा वाचक मला भेटायचा आहे. पुण्यात, ठाण्यात, नाशकात जाळी लावलेली टर्फ गल्लोगल्ली आहेत. संध्याकाळी तासाला हजार-बाराशे रुपये मोजायचे, दहा जणांत वाटून घ्यायचे. खासगी जागेवर हे चालायला माझी हरकत नाही. पण पालिकेच्या मैदानावर टर्फ टाकलं की पाठोपाठ जाळी येते, जाळीला दार येतं, दाराला कुलूप येतं आणि किल्ली ठेकेदाराकडे जाते. काल फुकट खेळणारं पोर आज जाळीला नाक लावून बाहेर उभं राहतं. म्हणून जागेची निवड करताना दुसरा प्रश्न : आज ही जागा कोण, कोणत्या वेळी वापरतं?

हे कचेरीत बसून कळत नाही. वॉर्डातल्या कुठल्याही मैदानावर पहाटे जाऊन बघा. म्हातारी माणसं फेऱ्या मारतात. दुपारी शाळेची कवायत. चारनंतर एकाच मैदानावर टेनिस बॉलचे पाच-सहा डाव, एकाची फाइन लेग ती दुसऱ्याची मिडऑफ. कोपऱ्यात खो-खोचे खांब, त्यापलीकडे कबड्डीची आखणी. नवरात्रात मंडप, डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं, एखाद्या रविवारी लग्न. टर्फवर खांब रोवता येत नाही, चूल पेटवता येत नाही. एका खेळाचं मैदान झालं की बाकीच्या वापरांना जागा कोण देणार, हे प्रस्तावात लिहिलेलं असायला हवं. मी तरी ते लिहिलेलं पाहिलेलं नाही.

पाण्याचं आता पाहू. नदीकाठची सपाट जमीन टर्फवाल्यांना फार आवडते, कारण तिथे बांधकामाला परवानगी नसते आणि भाडं कमी पडतं. महाराष्ट्रात पूररेषा दोन असतात. पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत टर्फ टाकायचं म्हणजे भराव, खडी, जाळी आणि खांब आले आणि पूर आला की टनावारी रबर आणि प्लॅस्टिक नदीत. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. मुठेच्या पात्रात आपण काय काय भरलं आहे, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. अशा ठिकाणी टर्फच्या प्रस्तावावर चर्चासुद्धा करू नये.

उन्हाचंही तसंच. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली आपल्या टर्फचं तापमान मोजलं. सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेत ते सरासरी ४७ अंश सेल्सियस निघालं, तर गवताचं २६ च्या आसपास. एका दिवशी टर्फ ९३ अंशांवर गेलं. पाणी मारलं की उतरतं आणि थोड्या वेळात परत चढतं. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथल्या मे महिन्यात, नेमकी शाळांना सुट्टी असताना, दुपारी असं मैदान मुलांच्या कामाचं राहत नाही. तिथे टर्फ टाकायचंच तर शेजारी झाडांची सावली असलेली मातीची जागा राखून मगच.

मग कुठे? माझ्या डोळ्यांसमोर ज्या जागा येतात त्या सगळ्या आधीच मेलेल्या आहेत. शाळांची डांबर किंवा फरशी घातलेली पटांगणं, जिथे पडलं की गुडघा फुटतोच. बंद पडलेल्या जकात नाक्यांच्या जागा. बस आगारांचे वापरात नसलेले कोपरे. जमिनीखालच्या पाण्याच्या झाकलेल्या टाक्यांवरची जागा, टाक्या वजन पेलणाऱ्या असतील तर. भंगार गाड्या साठवायला दिलेले पालिकेचे भूखंड. या जागांवर पूर्ण मापाचं मैदान क्वचितच बसेल. पण पाच-पाच जणांच्या फुटबॉलला, हॉकीच्या सरावाला इतकी जागा पुरते आणि वस्तीतल्या मुलींना अंधार पडायच्या आत चालत घरी जाता येतं. पूर्ण मापाचं मैदान करायचं तर त्याची लांबी उत्तर-दक्षिण ठेवायची, म्हणजे मावळतीचा सूर्य गोलरक्षकाच्या डोळ्यांवर येत नाही. दिवे लागणार असतील तर समोरच्या इमारतीतल्या खिडक्या मोजायच्या. मैदानाच्या पाण्याची वाट थेट नाल्यात सोडायची नाही, मधे दाणे अडवणारा खड्डा हवा. गालिचा बदलायचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात हवेत, नाहीतर दहा वर्षांनी फाटलेलं टर्फ आणि कुलूपबंद दार एवढंच उरतं.

आणि वापराचं वेळापत्रक जागेच्या ठरावातच असलं पाहिजे. रोज दुपारी चार ते सात वस्तीतल्या मुलांसाठी विनामूल्य, त्यातले आठवड्याचे काही दिवस मुलींसाठी राखून, बाकीच्या वेळेचा दर पालिकेने ठरवलेला आणि दारावर मराठीत रंगवलेला. ठराव एकदा जागेपुरता मंजूर झाला की ही कलमं नंतर ठेकेदाराच्या करारात घुसवायला कुणी बसत नाही. हरकती-सूचनांची मुदत चालू असेल तर तुमच्या वॉर्ड कार्यालयात जाऊन नकाशा मागा आणि हे वेळापत्रक त्याला जोडायची लेखी मागणी करा.