निरोपाला वेळ हवा

मालिकेचा अखेरचा भाग कसा होता असं विचारलं, की उत्तर बहुधा कथेतल्या कोड्यांबद्दल येतं: काय उलगडलं, काय अर्धवट राहिलं. पण अखेरीचं मुख्य काम रसिकाला नीट निरोप देण्याचं असतं. शास्त्रीय मैफलीत कथानकच नसतं, त्यामुळे उलगडायचंही काही नसतं. तरीही भैरवीशिवाय मैफल पुरी वाटत नाही. भैरवी हा सकाळचा राग, पण सांगतेला तो मध्यरात्रीही चालतो. ठुमरी-भजनाच्या अंगानं गाताना त्यात बाराही स्वरांना वाव मिळतो. भैरवी सुरू होताच आता यानंतर काही नाही हे श्रोत्याला कळतं, आणि ते कळूनही ऐकायला थोडा वेळ हाती उरतो.

जोसेफ हायडननं १७७२ साली हे डोळ्यांना दिसेल असं केलं. त्याच्या ४५व्या सिंफनीच्या शेवटी एकेक वादक मेणबत्ती विझवून उठून जातो आणि मागे फक्त दोन व्हायोलिन उरतात. अमेरिकी मालिका ‘मॅश’चा सुमारे अडीच तासांचा अखेरचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजी १० कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. ही मालिका ज्या कोरियाच्या युद्धात घडते, ते थांबलं हे इतिहासातून सर्वांना ठाऊकच होतं. उत्सुकता होती ती ११ हंगामांच्या सोबतीनंतर मालिकेतली माणसं एकमेकांपासून कशी दूर होतात याची.

रहस्यकथेत तरी उत्तर हवंच ना, हा आक्षेप रास्त आहे. पण नुसतं उत्तर पुरत नाही. २०१९ साली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेनं सिंहासन कुणाचं याचा निकाल लावला, तरी प्रेक्षक संतापले. अखेरचा हंगाम अवघ्या सहा भागांत उरकला आणि पात्रांमधले मोठे बदल पटायला अवधीच मिळाला नाही, ही त्यांची मोठी तक्रार होती. शेवटच्या थोड्या वेळाला इतकं महत्त्व कशाला, असंही कुणी म्हणेल. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांच्या १९९३च्या प्रयोगात लोकांनी एकदा ६० सेकंद बोचऱ्या थंड पाण्यात हात धरला. दुसऱ्यांदा तेवढंच करून वर आणखी ३० सेकंद, पाणी किंचित ऊबदार होत असताना. यांतला एक पुन्हा घ्यायला निवडा असं सांगितल्यावर बहुतेकांनी दुसरा, जास्त लांबलेला अनुभव निवडला. शेवट सौम्य झाला की आधीच्या साऱ्याची आठवण बदलते. म्हणून अखेरचा वेळ कापून मधला मजकूर वाढवणारे निर्माते आपल्याच वर्षानुवर्षांच्या कामाचं नुकसान करतात.