एक्स-रेतून गेलेला ट्रे निर्जंतुक होतो का?

विमानतळावर फोन, पट्टा, बूट ज्या ट्रेत ठेवतो, तो एक्स-रे यंत्रातून बाहेर आला की निर्जंतुक झाला, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. वैद्यकीय साधनं किरणांनी निर्जंतुक करायला साधारण 25 हजार ग्रे मात्रा लागते. सामान तपासताना ती एका ग्रेच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. हेलसिंकी विमानतळावर 2015-16च्या हिवाळ्यात तपासलेल्या आठपैकी चार ट्रेंवर श्वसनविकारांच्या विषाणूंचा अंश मिळाला. तो जनुकीय अंश होता. विषाणू संसर्ग करण्याजोगा होता, असं त्यातून सिद्ध होत नाही. तरीही ट्रे वेळोवेळी साफ व्हायलाच हवेत.

मग ट्रे तापवले तर? 2020 मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी द्रवातला करोना विषाणू तापवून पाहिला. 70 अंश सेल्सिअसला तो 5 मिनिटांत निष्प्रभ झाला, 56 अंशांना 30 मिनिटांत. 37 अंशांना मात्र दोन दिवस लागले. म्हणजे नुसतं अंश सांगून भागत नाही, किती वेळ तेही सांगावं लागतं. शिवाय वस्तू कशाची आहे, हवा किती दमट आहे, यावरही बरंच ठरतं. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात 70 अंशांच्या कोरड्या उष्णतेत एन-95 मास्कच्या कापडावरचा विषाणू लवकर निष्प्रभ झाला, स्टीलवरचा सावकाश.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो स्वॅबबद्दल. स्फोटकांचा माग काढण्यासाठी बॅगेवर, हातांवर फिरवतात ती ही छोटी पट्टी. बऱ्याच ठिकाणी एकच पट्टी अनेकांसाठी वापरतात. यंत्रात ती 200 अंशांच्या आसपास तापते, मग विषाणू उरेलच कसा, असा प्रश्न येतो. पण ही उष्णता स्फोटकाचे कण वाफ होऊन यंत्रात शिरावेत म्हणून असते. ती काही सेकंदच टिकते आणि पट्टीच्या ठरावीक भागालाच लागते. कडा आणि धरायची कांडी त्या मानाने थंडच राहतात. मुद्दाम निर्जंतुकीकरण करायचं, तर पूर्ण पट्टी ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायला हवी. या कामी उष्णतेचा मोठा फायदा म्हणजे मागे रसायन उरत नाही. जंतुनाशकाचा अंश पट्टीवर राहिला, तर यंत्राच्या निदानात घोळ होऊ शकतो. मात्र जास्त तापवलं म्हणजे जास्त चांगलं, हेही खरं नाही. पट्टीचा पोत बिघडला की ती कण नीट उचलत नाही, आणि तपासणीच कच्ची राहते.