काझीगुंडहून खाली

पहाटे ५. काझीगुंडच्या रांगेत गाडी रात्रभर उभी आहे. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४४, श्रीनगर ते कन्याकुमारी. आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या जामवरून जातो तोच. मागं पुलवाम्याच्या शीतगृहातली सफरचंदं, नागपूरच्या कळमना बाजारासाठी. हँडब्रेक मुद्दाम ओढलेला नाही, ओले लायनर रात्रीत ड्रमला चिकटून गोठतात. गाडी गिअरात टाकून चाकांना लाकडी गुटके लावलेत. हवेच्या टाकीतलं पाणी कालच सोडलं. ते आत गोठलं तर ब्रेकला हवा पोचत नाही.

सकाळी ६. थंडीनं डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. रांगेत कुणीतरी टाकीखाली जाळ करतोच. आम्ही फिल्टरला गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळतो. वेळ लागतो, लागू द्यावा.

सकाळी ८. हिवाळ्यात रस्ता अडचणीचा झाला की जड गाड्या एका वेळी एकाच दिशेनं सोडतात. आज पाळी खाली जाणाऱ्यांची. निघाल्यावर रांगत असतानाच ब्रेक दाबून बघितला.

सकाळी ९. नवयुग बोगदा, साडेआठ किलोमीटर, २०२१ पासून सुरू. १९५६ चा जवाहर बोगदा याच्यापेक्षा सुमारे चारशे मीटर वर आहे, तिथल्या चढावर बर्फ फार. नव्या बोगद्यानं तो चढ वाचवला, पण त्याचा स्वतःचा एक धोका आहे. आत रस्ता कोरडा, उजेड भरपूर, पाय आपोआप खाली जातो. तोंडाबाहेर सावलीत डांबरावर पातळ बर्फ असतो. काळाच दिसतो, नुसता ओला रस्ता वाटतो. तिथं ब्रेक मारला की चाकं अडकतात आणि गाडी सरळ घसरत जाते, स्टेअरिंग कितीही फिरवा. म्हणून वेग आतच मोडायचा. खालचा गिअर आतच टाकायचा, पुढच्या गाडीशी अंतर आतच वाढवायचं. पावसाळ्यात आमच्याकडे ट्रॅक्टर शेतातून काळी माती डांबरावर आणतात, तिथं हेच शिकलो होतो: घसरडं सुरू होण्याआधी हळू व्हायचं, त्याच्यावर गेल्यावर नाही.

दुपारी १२. बनिहाल ते रामबन. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं म्हणजे इंजिनाचा आधार सोडणं. ब्रेक तापतात, आणि नेमके पुलावर लागत नाहीत. पूल खालूनही गार होतो, म्हणून आधी तोच गोठतो. ऊन चढलं की डोंगरावरचे दगड सुटतात. क्लीनर खिडकीतून वर बघत असतो.

“उस्ताद, समोरची गाडी तिरपी होऊन राह्यली.”

पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच उचलला. ब्रेकला हात... पाय लावलाच नाही. इंजिनानंच गाडी थोपवली, अंतर होतं म्हणून जमलं.

दुपारी ४. चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा मागं पडला. पुढं उधमपूर, बर्फ नाही.

संध्याकाळी ७. फोन: “कुठवर आला? भाव पडून राह्यले.” घाटात आलेला असा फोन ड्रायव्हरचा पाय दाबतो. व्यापाऱ्यांनी, ट्रान्सपोर्टवाल्यांनी काझीगुंडला थांबण्याचे दिवस आधीच भाड्यात धरावेत, आणि गाडी घाट उतरेपर्यंत फोन करू नये.