कार्डावर नाव एकीचं, हात तीन पिढ्यांचे

इयरफोन विसरलेल्यांसाठी आजचा एपिसोड लेखी. विषय आहे वयानुसार होणारी विषमता. म्हंजे, एकाच समाजात वीस, चाळीस आणि सत्तर वर्षांच्या माणसाला वेगवेगळा भाव का मिळतो? समाजशास्त्रात याची बरीच उत्तरं आहेत. पण आपण सुरुवात माझ्या घरापासून करू.

मी सोलापूरजवळच्या कुंभारीचा. इथं विडी कामगार महिलांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, 2006 साली तिचं लोकार्पण झालं. आमच्याकडं अव्वा, म्हंजे आजी, सूप मांडीवर घेऊन आयुष्यभर विड्या वळत आली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. गेल्या दिवाळीनंतर गावी आलो तर अव्वाचं पेन्शन बंद! का? हयातीच्या दाखल्यासाठी अंगठाच लागत नव्हता. पान आणि तंबाखू हाताळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. मशीनच्या लेखी अव्वा हयातच नव्हती.

आता पहिलं उत्तर ऐका, प्रकार्यवादाचं. कमिंग आणि हेन्री या अभ्यासकांनी 1961 मध्ये मांडलं, की वय झालं की माणूस कामातून हळूहळू अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळं करतो आणि जागा तरुणांना मिळते. दोघांच्याही सोयीचं. ऐकायला बरोबर वाटतं. पण अव्वा 58 व्या वर्षी फक्त कागदावर मोकळी झाली. तिचं कार्ड बंद झालं, आईचं चालू आहे आणि आईच्या वाट्याच्या विड्या आजही दोघी मिळून वळतात. आई स्वतः लहानपणी शाळेतून आली की अव्वाच्या विड्यांना दोरा बांधायची. तेव्हाही कार्डावर नाव एकीचंच होतं.

इथं मार्क्सवादी उत्तर जास्त लागू पडतं. मार्क्सनं कामगारांची राखीव फौज ही कल्पना मांडली. गरज असेल तेव्हा घ्यायचे, नसेल तेव्हा सोडायचे असे हात. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं, की पोरं आणि म्हातारी माणसं या फौजेत सहज बसतात. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. त्या हजारात किती जणांचे हात लागले, हे कोणी विचारत नाही. पोरगी "मदत करते", म्हातारी "वेळ घालवते". काम तेच, पण वयाचं नाव दिलं की ते काम मोजलंच जात नाही.

तिसरं उत्तर पीटर टाउनसेंड या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचं, 1981 चं. तो म्हणतो, म्हातारपणातलं परावलंबन फक्त शरीरामुळं येत नाही. निवृत्तीचं वय, पेन्शन, सरकारी नियम यातून ते घडवलं जातं. थोडं गणित करू. 1985 साली सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की घरी विड्या वळणाऱ्यांनाही प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा लागू होतो. मोठी गोष्ट होती ती. पण पेन्शनचं सूत्र असं: सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. समजा, पगार 3,500 आणि वर्षं 18, तर येतात 900 रुपये. सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन 1,000 केलं म्हणून 1,000 मिळणार. तेवढीच 18 वर्षं 15,000 पगारावर केली असती, तर 3,857. म्हंजे तरुणपणी मिळालेली कमी मजुरी म्हातारपणीही पाठ सोडत नाही.

"मग श्रावणबाळ योजना आहे की," असं तुम्ही म्हणाल. आहे, 65 वर्षांवरच्यांसाठी. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. भागा 12 ने: महिन्याला 1,750. माझा पगार घरात आला की अव्वा नियमातून बाद. म्हंजे तिनं आता माझ्याकडं मागायचं. टाउनसेंड म्हणतो ते हेच.

चौथी गोष्ट मॅक्स वेबरकडून. विषमता फक्त पैशाची नसते, मानाची आणि सत्तेचीही असते. घरात लग्न ठरवायचं तर अव्वाचा शब्द शेवटचा, मला कोण विचारतंय? पण तिचा ओटीपी माझ्या फोनवर येतो. खातं तिचं, किल्ली माझ्याकडं. तरुणांचंही काही सगळं बरं चाललेलं नाही. 18 व्या वर्षी मत देता येतं, पण लोकसभेला उभं राहायला 25 पूर्ण लागतात. पहिली नोकरी शोधताना "अनुभव नाही", हे तर आपण सगळ्यांनीच ऐकलंय.

मला स्वतःला वाटतं, नुसतं वय कोणाला गरीब करत नाही. अव्वाच्याच वयाचा निवृत्त अधिकारी आरामात जगतो. वय, काम, बाईपण आणि नियम एकत्र आले की विषमता तयार होते. आणि नियम माणसांनी लिहिलेत, ते बदलता येतात. ते अंगठ्याचं मशीन आमच्यासारख्याच इंजिनिअरांनी बनवलंय. बनवताना झिजलेली बोटं आमच्या डोळ्यासमोर नव्हती, इतकंच.

अव्वाचा दाखला शेवटी चेहऱ्यावरून झाला, माझ्या मोबाईलवर, पाच मिनिटांत. तोवर दोन महिने गेले होते. ती म्हणाली, "आधीच तोंड दाखवलं असतं की रे!"

तर मंडळी, आज घरी फोन करा आणि आजी-आजोबांचा हयातीचा दाखला कधी संपतोय ते विचारा. आणि हो, पासबुक वाचून दाखवा, पण ठेवा त्यांच्याच हातात. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!